नक्षी कोण ठरवितो?

पुलगाव हे गिरणीचे गाव. येथल्या कितीतरी घरांत भोंग्यावर चूल पेटत असे. म्हणून संगणकाचे मूळ मागात आहे, हे आपल्या लोकांना समजावयास जड जाऊ नये.

फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ साली मागाला भोके पाडलेली कार्डे जोडली. भोक असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे नाही. कार्डे बदलली की त्याच मागावर वेगळी नक्षी उमटे. माग म्हणजे हार्डवेअर, कार्डांवरचा हुकूम म्हणजे सॉफ्टवेअर. भोक आहे किंवा नाही, हेच आजच्या संगणकाचे एक आणि शून्य.

पुढे हर्मन हॉलरिथने भोके पाडलेल्या कार्डांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना यंत्राने मोजून दाखविली. हा हॉलरिथ कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तेथेच शिकले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला.

यंत्रे अशी सुधारत गेली. पण आपल्या देशात काय झाले? अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर १९३१ नंतर जनगणनेने जातींचे आकडे दिले नाहीत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत तर प्रगणकांच्या हाती टॅब्लेट होते. तरीही इतर मागासांचे आकडे बाहेर आले नाहीत. दोष यंत्राचा नव्हता. यंत्र दिलेला रकानाच मोजते आणि रकाना माणूस ठरवितो. पुढील जनगणनेत जात नोंदविण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला, तो लढ्यातून आलेला आहे.

वकिलीत मी एकच गोष्ट शिकलो : जे नोंदीवर नाही, ते न्यायालयात नाही. आपली मुले २००१ पासून एमएस-सीआयटी करीत आहेत, हे चांगलेच आहे. पण टंकलेखन शिकणे म्हणजे मागावर उभे राहणे होय. प्रोग्राम लिहिणे म्हणजे नक्षी ठरविणे. आपल्या बापजाद्यांनी माग पुष्कळ चालविला. आता मुलामुलींनी कार्डे तयार करावयास शिकले पाहिजे. आणि प्रगणक दारी येईल तेव्हा घरातल्या शिकलेल्या लेकीने एवढे तरी विचारावे, ‘साहेब, आमचे काय लिहिले, ते जरा वाचून दाखवा.’