जुन्या जीपची पुढची काच: सीलंट कोणतं आणि का?

आजचा विषय छोटा वाटेल. जुन्या जीपची पुढची काच बसवताना कडेला काय भरायचं? दुकानात गेलं की दहा नळ्या समोर येतात आणि सगळ्यांवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं. मग निवडायचं कसं?

आधी आमचीच फजिती सांगतो. घरच्या जुन्या जीपची काच काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः बसवली. बेसिनच्या कडेला लावतात ती पारदर्शक सिलिकॉनची नळी आणली आणि सगळीकडून गच्च भरली. दोन पावसाळे थेंब आला नाही, आम्ही खूश! तिसऱ्या वर्षी कुर्डुवाडीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली आणि काचेला खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तडा गेला. रबर उचलून पाहिलं तर आत पत्रा नव्हताच, गंजाचा भुगा होता. काच थेट खरबरीत लोखंडावर टेकलेली. लॅमिनेटेड होती म्हणून अंगावर आली नाही, एवढंच. तेव्हापासून आम्ही सीलंट निवडण्याआधी एक प्रश्न विचारतो: ही काच बसते कशी?

मुंबईत माझगावला १९४९ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू झाली. तिथपासून सीजे-३बी आणि ऐंशीच्या दशकातली एमएम ५४० इथपर्यंत मूळ कल्पना तीच राहिली. पोलादी चौकट, तिच्यावर रबर, रबराच्या खाचेत सपाट काच. म्हणजे काच लोखंडाला चिकटलेली नसते, ती रबरात तरंगते. हे मुद्दाम आहे. पाट्यांच्या स्प्रिंगवर चालणारी ही गाडी बांधावर चढली की सगळं अंग पिळवटतं. चौकट थोडी वाकते, काच वाकू शकत नाही. मधला फरक रबर सोसतं. म्हणून इथं काच धरून ठेवणं हे सीलंटचं काम नाही. रबराच्या ओठाखालची बारीक फट बुजवायची, आणि हालचाल झाली तरी बुजलेली ठेवायची, एवढंच त्याचं काम.

हे पक्कं झालं की निवड सोपी होते. एकेक घेऊ.

पहिली, खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी. खडू आणि जवसाचं तेल. ती वाळून कडक होते. घराची खिडकी हलत नाही, जीप हलते. काही महिन्यांत लांबीला भेगा पडतात आणि भेगेतून पाणी आत जातं. ही बाद.

दुसरं, आम्ही वापरलेलं सिलिकॉन. लावताना त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो ॲसेटिक आम्लाचा. हे सिलिकॉन घट्ट होताना आम्ल सोडतं आणि उघड्या पोलादाला गंज धरवतं. शिवाय लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर. आम्ल त्या थराच्या कडेला लागलं की थर सुटायला लागतो, कडेनं पांढुरकी झाक येते. वास न येणारं ‘न्यूट्रल’ सिलिकॉन त्या मानानं बरं. पण त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर पुढं रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. ज्या चौकटीला आज ना उद्या रंग द्यायचाच आहे, तिथं ते नकोच.

तिसरं पॉलियुरेथेन. नव्या गाड्यांची काच यानंच चिकटवतात. मग ते जीपला का नको? ‘चांगलं’ आणि ‘इथं चांगलं’ यात फरक आहे. नव्या गाडीची काच अंगाचाच एक भाग होऊन ताण घेते. जीपची काच अशी चिकटवली तर तरंगणं संपलं, पिळवटण्याचा सगळा ताण काचेवर. दुसरं, उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलियुरेथेन खराब होतं. त्यासाठी नव्या काचेच्या कडेला काळा पट्टा असतो, जीपच्या सपाट काचेला तो नसतो. आणि पुन्हा काच काढायची वेळ आली तर कापूनच काढावी लागते.

चौथं, न वाळणारं मास्टिक. ब्युटाईल जातीचं, काळं, चिकट, कायम मऊ राहणारं. रबरात बसणाऱ्या काचेसाठी हेच योग्य. आम्ल नाही, कडक होणं नाही, उद्या काच काढायची तर निघतं. एकच खबरदारी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्रा त्याहून तापतो. काही मास्टिक अशा वेळी पातळ होऊन ओघळतात. म्हणून डब्यावरची तापमानाची मर्यादा वाचा. त्याहून सोपं म्हणजे पत्र्याच्या तुकड्यावर आणि जुन्या रबरावर थोडं लावून दोन-तीन दिवस उन्हात उभं ठेवा. ओघळलं किंवा रबर फुगलं तर ते आपलं नव्हे.

आता लावायचं कसं? आधी गंज खरवडून पांढरं लोखंड काढा, प्रायमर आणि रंग द्या, पूर्ण वाळू द्या. रबर कडक झालं असेल तर नवं घ्या. मेलेल्या रबराला कुठलंच सीलंट जिवंत करत नाही. बसवताना खाचेत सुतळी घाला, साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा राकेल नको, त्यानं रबर फुगतं. काच बसल्यावर बाहेरचा ओठ लाकडी पट्टीनं उचलून आत बारीक रेघ सोडा, एकदा काचेकडून, एकदा पत्र्याकडून. आतला ओठ मात्र मोकळा ठेवा. आमची दुसरी चूक हीच होती. दोन्ही बाजू बंद केल्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला वाटच उरली नाही आणि ते वर्षभर लोखंडावर बसून राहिलं.

तपासताना नळीनं पाणी खालून वर न्या, एका वेळी एक हात उंची. आत एकानं कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरून बसावं. वरून सुरुवात केली तर पाणी चौकटीतून फिरून भलत्याच कोपऱ्यात उतरतं आणि आपण भलतीच जागा बुजवतो.

मघाशी एक प्रश्न आला: “आपल्याकडं पाऊसच किती, एवढा खटाटोप कशाला?” बरोबर आहे, उजनीची भिंत आपल्या तालुक्यात असली तरी आपण पर्जन्यछायेतलेच. पण म्हणूनच चूक लवकर कळत नाही. आठ महिने ऊन रबर सुकवतं, धूळ फटीत बसते, आणि परतीच्या पावसात तीच धूळ ओल धरून ठेवते. गळणारी काच निदान सांगते तरी. आमची काच गळत नव्हती आणि आत चौकट संपत होती. तेव्हा दुकानात नळी हातात घेतलीत की ‘पाणी थांबेल का’ एवढंच विचारू नका. ‘हे आत लोखंडाचं काय करेल, आणि उद्या निघेल का’ हेही विचारा.