निरोप एक, नावं हजारो

लग्नपत्रिका हजार छापतात, पण नाव प्रत्येकीवर हाताने घालतात. दक्षिण कोरियात 2020 साली आलेलं 'बबल' ॲप असंच चालतं. दरमहा वर्गणी भरली की आवडत्या गायिकेचा निरोप थेट फोनवर येतो: 'चांदणी, जेवलीस का?' (विचारपूस तिथेही जेवणावरूनच होते!) गायिकेने 'चांदणी' लिहिलेलंच नसतं. तिने नावाच्या जागी '@@' टाकलेलं असतं. तिथे ज्याचं त्याचं टोपणनाव ॲप भरतं.

चाहत्याच्या पडद्यावर दोघंच असतात, गायिकेच्या पडद्यावर मात्र सगळ्यांच्या उत्तरांचा धबधबा. म्हणून उत्तराला सुरुवातीला 30 अक्षरांची मर्यादा. वर्गणी जुनी होईल तशी ती वाढते. मला यातली माया खोटी वाटत नाही, कारण लिहिणारी माणूसच असते. फक्त गर्दीतल्या एकीच्या प्रश्नाला तिने उत्तर दिलं, की ते सगळ्यांनाच जातं आणि बाकीच्यांना मधूनच सुरू झालेलं बोलणं वाटतं.