आगगाडीच्या जाळ्याचे चित्र कोणासाठी?

रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर टांगलेला हिंदुस्थानचा नकाशा पाहून ज्याने आपला प्रवास ठरविला, असा उतारू विरळाच. नकाशा प्रशस्त असतो, भूमापनाच्या दृष्टीने बिनचूक असतो, प्रत्येक क्षेत्रीय रेल्वेला त्यात स्वतंत्र रंग बहाल केलेला असतो. आणि तरीही मिरजेहून जबलपूरला जाऊ पाहणाऱ्या माणसाला जे हवे ते सोडून बाकी सर्व तो सांगतो. रूळ कोणकोणत्या गावांवरून गेले आहेत हे त्यात दिसते. पण त्या रुळांवरून सरळ जाणारी गाडी आहे की नाही, नसल्यास कोठे उतरून दुसरी धरावी, ती रोज निघते की आठवड्यातून एकदाच, यांपैकी एकाही प्रश्नाची तेथे दाद लागत नाही. हा दोष आरेखकाच्या अज्ञानाचा नव्हे. ज्यांनी रेल्वे चालवावयाची त्यांच्या दप्तरासाठी हे नकाशे निर्माण झाले आणि तेच पुढे उतारूंसमोर टांगले गेले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या दप्तरी परंपरेचे मूळ इंग्लंडात सापडते. अनेक खाजगी कंपन्यांचे रूळ एकमेकांस मिळू लागले आणि एकाच तिकिटावर तीन-तीन कंपन्यांच्या हद्दींतून प्रवास होऊ लागला, तेव्हा त्या तिकिटाचा पैसा कोणाच्या पदरात किती टाकावयाचा याचा निवाडा करण्यासाठी १८४२ साली रेल्वे क्लिअरिंग हाउस ही संस्था स्थापन झाली. आणि कोणाची मालकी कोणत्या जंक्शनापाशी संपते हे हिशेबनिसांना नेमके कळावे म्हणून जॉन एअरी याच्या नावाने प्रसिद्ध असलेले जंक्शनांचे रंगीत आराखडे पुढे वापरात आले. त्यांत नद्या नाहीत, डोंगर नाहीत. कंपनीगणिक निराळ्या रंगाच्या रेषा आणि त्यांवर अंतराचे आकडे, एवढाच संसार. महसुलाच्या वाटणीचे साधन म्हणून हे आराखडे निर्दोष होते. त्यांतील रंगांची व्यवस्था मात्र मालकीची होती, प्रवासाची नव्हे, आणि ती सवय रेल्वेच्या नकाशांना कायमची जडली.

हिंदुस्थानात रेल्वेचे जाळे रुळांच्या आधी कागदावर विणले गेले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि अवघ्या चार दिवसांनी लॉर्ड डलहौसीने आपल्या सुप्रसिद्ध टिपणात इलाख्यांना परस्परांशी जोडणाऱ्या लोहमार्गांची रूपरेषा मांडली. १८७० साली जबलपूरपाशी मुंबईकडचे व कलकत्त्याकडचे रूळ एकत्र आले, पुढल्याच वर्षी रायचूरमार्गे मुंबई व मद्रास जोडली गेली, आणि दिल्ली, हावडा, चेन्नई व मुंबई या चार कोनांचा जो चौकोन कालांतराने पुरा झाला त्याचे दोन्ही कर्ण, म्हणजे मुंबई-हावडा व दिल्ली-चेन्नई, प्रत्यक्ष भूमीवर एकमेकांना छेदतात ते नागपुरात. इतका सुबोध सांगाडा फार थोड्या देशांच्या वाट्याला आला असेल. फ्रान्समध्ये १८४२ च्या कायद्याने बहुतेक मुख्य मार्ग पॅरिसहून तारकेप्रमाणे फाकले, त्यामुळे तेथील आकृतीला एकच केंद्र आहे. आपल्या आकृतीला चार कोन आणि मध्ये एक छेदनबिंदू असून पाटीवरही तो खडूने दाखविता यावा. पण आपल्या छापील नकाशांत हा सांगाडा हुडकावा लागतो, कारण नागपूर तेथे भुसावळ किंवा बिलासपूर यांच्याच तोलाचा एक ठिपका असतो.

रेल्वेच्या आकृतीचा विषय निघाला की लंडनच्या भुयारी रेल्वेचे नाव हटकून येते, आणि ते यावयासही हवे. त्या रेल्वेच्या सिग्नल खात्यात आरेखक म्हणून काम केलेल्या हॅरी बेक याने १९३१ साली एक आकृती काढली; ती प्रथम नाकारली गेली, परंतु जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावेल अशा आकारात छापून निघताच लोकांनी ती उचलून धरली. त्याने सर्व रेषा आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशांत तिरप्या केल्या, शहराचा मध्यभाग विस्तारला, उपनगरांतील अंतरे आखडली आणि भूगोलाची खूण म्हणून टेम्स नदी तेवढी ठेवली. भुयारातून जाणाऱ्या उतारूला वरचे शहर दिसतच नसल्यामुळे किती स्थानकांनंतर उतरावयाचे आणि गाडी कोठे बदलावयाची एवढेच त्याला कळले की पुरते, हे बेकने ओळखले होते.

परंतु ही युक्ती देशव्यापी जाळ्याला जशीच्या तशी लागू करण्याचा जो मोह अलीकडे अनेक हौशी आरेखकांना पडतो, तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. भुयारी मार्गावर दोन स्थानकांतील अंतर दोन मिनिटांचे की चार मिनिटांचे याने फारसे बिघडत नाही. लांब पल्ल्याच्या प्रवासात मात्र अंतर म्हणजे रात्र, भाडे आणि शिदोरी. मुंबई-पुणे १९२ किलोमीटर आणि मुंबई-नागपूर ८३७ किलोमीटर. ही दोन्ही अंतरे आकृतीत सारख्याच लांबीची झाली तर ती आकृती देखणी असूनही अप्रामाणिक ठरेल. याहून मोठी अडचण अशी की, भुयारी रेल्वेत रेषा म्हणजेच गाडी. अमुक रंगाच्या रेषेवर गाड्या दर काही मिनिटांनी त्याच वाटेने जातात-येतात. आपल्याकडे रेषा म्हणजे केवळ रूळ, आणि त्या रुळांवरून शेकडो गाड्या, प्रत्येक आपापल्या वाटेने व आपापल्या वारी, धावतात.

कोल्हापूरहून गोंदियास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस हे याचे चांगले उदाहरण होईल. सांगली, सातारा, पुणे अशी ती येते. पुण्याहून मुंबईच्या दिशेस न वळता पूर्वेकडे दौंडला जाते, तेथून उत्तरेस अहिल्यानगर व कोपरगाव करीत मनमाड गाठते, आणि मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर या वाटेने गोंदियाला पोहोचते. तेराशेंहून अधिक किलोमीटरांचा हा प्रवास आरंभापासून अंतापर्यंत एकाच राज्यात होतो. आता भिंतीवरचा नकाशा हिच्याविषयी काय सांगतो ते पाहावे. नागपूरपर्यंत एक रंग आणि नागपूर ओलांडताच दुसरा, कारण तेथून पुढे बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा अंमल सुरू होतो. डब्यात बसलेल्या माणसाला या सरहद्दीचा पत्ताही लागत नाही. उलट त्याला ज्याचा पत्ता लागतो ते नकाशात नाही: दौंडला पूर्वी या वाटेवरील गाड्यांचे तोंड फिरत असे, इंजिन काढून दुसऱ्या टोकास लावावे लागे, आणि पुढे स्थानकाच्या बाहेरून जोडमार्ग झाल्यावर तो खोळंबा टळला. मनमाडहून छत्रपती संभाजीनगर व नांदेडकडे जाणारा फाटा सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेकडे, रोह्यापासून दक्षिणेस ७४१ किलोमीटरांचा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाकडे. अशा रीतीने एका महाराष्ट्रात चार-पाच रंगांची पटकुरे जोडलेली दिसतात, आणि त्यांतील एकही रंग उतारूच्या कामाचा नाही.

मग रेषेने काय दाखवावे? जर्मनीने १९७१ साली इंटरसिटी गाड्या सुरू केल्या तेव्हा त्या चार मार्गांत बांधल्या होत्या, दर दोन तासांनी गाडी, आणि ठरावीक स्थानकांत दोन मार्गांच्या गाड्या समोरासमोर उभ्या राहून उतारूंनी फलाट ओलांडून बदलावे अशी योजना. १९७९ पासून त्या तासागणिक धावू लागल्या. स्वित्झर्लंडने १९८२ साली ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक साऱ्या देशाला लागू केले, आणि त्याच्या आखणीसाठी जी आकृती वापरतात तिच्यात प्रत्येक रेषा म्हणजे नियमित धावणारी एक गाडी असून स्थानकाच्या चौकटीशी येण्या-जाण्याचे मिनिट लिहिलेले असते. तास लिहिण्याची गरज नाही, कारण दर तासाला तेच मिनिट. संपूर्ण देशाचे वेळापत्रक एका कागदावर मावते. हे पाहून मन प्रसन्न होते खरे. परंतु या स्पष्टतेचे श्रेय आरेखकाला थोडे आणि वेळापत्रकाला फार द्यावे लागेल. गाड्यांचीच शिस्त तशी असल्यामुळे चित्र स्वच्छ आले.

आपल्या गाड्यांना असा ताल नाही, आणि देशाचा विस्तार व मालगाड्यांची दाटी पाहता तो लवकर येईल असेही नाही. दिब्रुगडहून कन्याकुमारीस जाणारी विवेक एक्सप्रेस २०११ साली सुरू झाली तेव्हा चार हजारांहून अधिक किलोमीटरांची ही वाट ती आठवड्यातून एकदाच चालत असे. तेव्हा तिला स्वतंत्र रंगीत रेषा दिली असती तर पाहणाऱ्याची समजूत अशी झाली असती की, रोज केव्हाही आसामातून निघून केरळ ओलांडीत भूमीच्या टोकास जाता येते. म्हणून आपल्या आकृतीत रेषेची जाडी हीच मुख्य भाषा असावी, असे माझे मत आहे: जेथे दिवसाला दहापेक्षा अधिक गाड्या तेथे जाड रेषा, जेथे रोज एक-दोन तेथे बारीक, आणि जेथे रोजची गाडीच नाही तेथे तुटक. रंग थोडे वापरावेत, तेही दिशेसाठी, आणि तांबडा व हिरवा शेजारी ठेवू नयेत, कारण हा भेद न कळणारे डोळे काही दुर्मिळ नाहीत.

भूगोलाशी किती स्वातंत्र्य घ्यावे, हा पुढला प्रश्न. गंगेच्या खोऱ्यात रुळांची इतकी गर्दी की खऱ्या प्रमाणात काढल्यास कानपूरपासून पाटण्यापर्यंत नावे एकमेकांच्या अंगावर पडतात, तर पश्चिम राजस्थानात कागद कोरा राहतो. तेव्हा खोरे थोडे फुगवावे आणि वाळवंट आखडावे हे न्याय्यच आहे. ईशान्येचे कोडे निराळे. फाळणीपूर्वी आसामची गाडी पूर्व बंगालमधून जाई. ती वाट तुटल्यावर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून घाईने नवा जोडमार्ग बांधून १९५० साली तो खुला झाला. आजही तो सारा प्रदेश या एका पट्टीला लटकलेला आहे, आणि नकाशात ती इतकी अरुंद दिसते की सगळी मदार तिच्यावर आहे हे ध्यानातच येत नाही. आकृतीत ही पट्टी मुद्दाम रुंद करावी. दिशा मात्र बिघडू देऊ नयेत. लंडनकराला टेम्स पुरली, आपल्या उतारूला किनारा, गोदावरी, नर्मदा व गंगा एवढे तरी हवे.

मोठ्या शहरांचा प्रश्न नेहमी टाळला जातो. मुंबई म्हणून एक वर्तुळ काढले की आरेखक मोकळा होतो. पण अहमदाबादहून मुंबई सेंट्रलला उतरलेल्या आणि कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोरखपूरची गाडी धरावयाच्या परक्या माणसाला ही एक मुंबई दोन निराळ्या गावांइतकी दूर पडते. हावडा व सियालदह, नवी दिल्ली व निजामुद्दीन, सिकंदराबाद व काचीगुडा यांचीही तीच कथा. तेथे वर्तुळाऐवजी लांबट चौकट काढून तीत टर्मिनसे वेगळी मांडावीत आणि मधली वाट आपापल्या सोयीने कापावी लागते हे चिन्हाने सांगावे.

अक्षरांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण पाश्चात्त्य आरेखनाचे धडे येथे अपुरे पडतात. देवनागरीच्या डोक्यावर शिरोरेषा असते. आडव्या मार्गरेषेच्या लगत खाली स्थानकाचे नाव लिहिले की त्या दोन रेषा नजरेत एक होतात, आणि नाव मार्गाला टांगल्यासारखे दिसते. नाव वर लिहावे तर उकार रेषेत घुसतात. नावे तिरपी लिहिली तर एकामागून एक तिरक्या शिरोरेषांचे नवेच फाटे फुटल्याचा भास होतो. उपाय साधा आहे: दाट नावांचे मार्ग शक्यतो उभे किंवा तिरपे काढावेत, नावे मात्र आडवीच, रेषेच्या बाजूस आणि पुरेसे अंतर राखून. नावांची लांबीही वाढतच चालली आहे. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ किंवा चेन्नई सेंट्रलचे नवे पूर्ण नाव लहान आकृतीत बसविणे कठीण. अशा वेळी रेल्वेची स्वतःची संकेताक्षरे, उदाहरणार्थ मनमाडचे एम-एम-आर किंवा भुसावळचे बी-एस-एल, उपयोगी पडतात. ती तिकिटावरही असतात.

रेल्वेच्या लोकांना सुबोध आकृती काढताच येत नाही, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. विभागीय नियंत्रण कक्षात ठेवला जाणारा गाड्यांचा आलेख ज्याने पाहिला असेल तो असे म्हणणार नाही. एका अक्षावर स्थानके, दुसऱ्यावर तास. जलद गाडीची रेघ ताठ चढते, मालगाडीची आळसावून पुढे सरकते, थांब्यापाशी रेघ आडवी होते, आणि एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांच्या रेघा स्थानकाच्याच ओळीवर एकमेकींस छेदल्या पाहिजेत, नाहीतर अनर्थ. फ्रान्समधील इब्री या अभियंत्याच्या नावाशी निगडित असलेली ही पद्धत एतिएन-ज्यूल मारे याच्या ग्रंथामुळे एकोणिसाव्या शतकातच प्रसिद्धीस आली. ज्याला ती वाचता येते त्याला एका कागदावर पूर्ण दिवसाची वाहतूक दिसते. तिची स्पष्टता येते ती वाचणारा कोण आणि त्याचा प्रश्न कोणता हे आरंभीच ठरलेले असल्यामुळे. तसेच समित रायचौधुरी यांनी २००५ पासून प्रसिद्ध केलेला भारतीय रेल्वेचा नकाशासंग्रह अभ्यासकाला फाटान्‌फाटा आणि स्थानकन्‌स्थानक दाखवितो. त्याचा वाचक अभ्यासक आहे, आणि त्याच्यासाठी तो उत्कृष्टच आहे.

उतारूचा प्रश्न याहून निराळा. तो सर्व देशातून कोठेही जावयास निघालेला नसतो. तो एका विशिष्ट स्थानकात उभा असतो आणि येथून कोठे जाता येते एवढेच त्याला विचारावयाचे असते. लंडनमध्ये बसथांब्यांवर असे आराखडे लावलेले असतात, ज्यांत तो थांबा मध्यभागी असून वाटा चहूकडे पसरतात. हीच कल्पना भुसावळला लावून पाहू. एक बाहू पश्चिमेस. जळगावला त्यातून सुरतेचा फाटा निघेल, मनमाडला नाशिक-मुंबई, दौंड-पुणे आणि संभाजीनगर-नांदेड असे तीन. दुसरा खांडव्यावरून इटारसीस जाऊन भोपाळ-दिल्ली व जबलपूर-प्रयागराज असा दुभंगेल. तिसरा पूर्वेस, अकोल्याला पूर्णा-नांदेडचा, बडनेऱ्याला अमरावतीचा, वर्ध्याला बल्लारशा-काझीपेठेचा फाटा सोडून नागपुरावरून हावड्याकडे. जाडी गाड्यांच्या संख्येप्रमाणे, पोकळ वर्तुळ म्हणजे गाडी बदलण्याची जागा, भरीव म्हणजे सरळ गाडी मिळते. देशाचा अखंड नकाशा शेजारी खुशाल असू द्यावा, शोभेलाही तो वाईट नाही.

असा आराखडा काढण्यास नवे रूळ लागत नाहीत की नवा कायदा. चालू वेळापत्रक, एक जाणता आरेखक आणि वेळापत्रक बदलले की तो नव्याने छापून जुना उतरविण्याची शिस्त, एवढ्याने भागते. मध्य रेल्वेने भुसावळ, मनमाड, मिरज आणि वर्धा या चार जंक्शनांपासून आरंभ करावा.