खाते नाही, हातात चेक आहे. मग पैसे कसे मिळणार?



लागण, खोडवा, बेणे आणि खताचे हप्ते यांवर मी नेहमी लिहितो. आज विषय वेगळा आहे, पण तोही आपल्याच घामाच्या पैशाचा आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी गटातल्या एका मयत सभासदाच्या पत्नी गट ऑफिसात आल्या. मालकांच्या परतीच्या ठेवीचा चेक त्यांच्या नावे निघाला होता आणि तो मीच त्यांच्या हाती दिला होता. मावशी म्हणाल्या, "साहेब, तीनदा बँकेत गेले. खिडकीवरचा माणूस म्हणतो, खाते काढा. चेक खोटा हाय का?" गावातला एक दुकानदार शेकडा दहा रुपये कापून घेऊन चेक वटवून देतो म्हणत होता. मी तारीख पाहिली, तर मुदतीचे बाराच दिवस उरले होते. चेक देताना "मावशी, तुमच्या नावाचे खाते आहे का?" एवढे मी विचारले असते, तर त्यांचे हेलपाटे वाचले असते. ती चूक माझी. म्हणून हा लेख.

चेक म्हणजे चिठ्ठी

चेक म्हणजे खातेदाराने आपल्या बँकेला लिहिलेली चिठ्ठी: "माझ्या शिलकेतून यांना इतके रुपये द्या." आपल्याकडे यासाठी 1881 सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आहे, म्हणजेच परक्राम्य संलेख कायदा. त्याच्या 31 व्या कलमाप्रमाणे खात्यावर पुरेशी शिल्लक असताना बँकेने विनाकारण चेक नाकारला, तर तिने भरपाई द्यायची ती चेक लिहिणाऱ्याला. चेक घेऊन खिडकीवर उभ्या राहिलेल्या माणसाचा बँकेशी तसा करार नसतो. म्हणून पैसे मिळाले नाहीत तर बँकेशी भांडत बसू नये, चेक देणाराला गाठावे. त्याच्याकडून दुसरा चेक घ्यावा किंवा रक्कम दुसऱ्या मार्गाने मागावी.

रोख कोणत्या चेकवर मिळते?

खाते नसलेल्या माणसाला रोख मिळेल की नाही, हे माणसावर नाही तर चेकच्या जातीवर ठरते.

बेअरर चेक : यावर नावापुढे "किंवा बेअरर" हे छापील शब्द तसेच ठेवलेले असतात. तो ज्याच्या हातात, त्याला रोख मिळते, खाते लागत नाही. सही जुळली, शिल्लक असली आणि तारीख बरोबर असली की बँक पैसे देते. मात्र असा चेक वाटेत पडला तर सापडणाराही पैसे नेऊ शकतो. बँकेने भल्या विश्वासाने व हयगय न करता पैसे दिले असतील, तर 85 व्या कलमाप्रमाणे ती मोकळी होते.

ऑर्डर चेक : "बेअरर" शब्द खोडला की चेक ऑर्डरचा होतो. त्याचेही पैसे खिडकीवर मिळू शकतात, पण ज्याचे नाव आहे त्याने मागे सही करायची आणि आपली ओळख पटवायची.

क्रॉस चेक : कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा असल्या की चेक क्रॉस झाला. 126 व्या कलमाप्रमाणे त्याचे पैसे बँकेने दुसऱ्या बँकेलाच द्यायचे, कुणाच्या हातात रोख द्यायची नाही. दिली आणि खऱ्या मालकाचे नुकसान झाले, तर 129 व्या कलमाप्रमाणे ते बँकेने भरून द्यायचे. तेव्हा खिडकीवरचा माणूस "नाही" म्हणतो तो अडवणूक म्हणून नव्हे. असा चेक कुठल्या तरी खात्यावरच भरावा लागतो.

रेघांमध्ये "अकाउंट पेयी" लिहिले असेल तर बंधन आणखी कडक. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे तो ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यावर जमा व्हायला हवा. यात पतसंस्थांसाठी एक सवलत आहे. रक्कम 50,000 रुपयांपर्यंत असेल व चेक पतसंस्थेच्या सभासदाच्या नावचा असेल, तर बँक तो पतसंस्थेच्या खात्यावर वसूल करू शकते.

मावशींचा चेक अकाउंट पेयी होता. म्हणजे तो दुकानदाराच्या खात्यावर भरताच आला नसता. त्यांनी तो दुकानदाराच्या हाती दिला असता, तर मुदत संपेपर्यंत फळीवर पडून राहिला असता.

आणखी काही गोष्टी

चेकची मुदत तारखेपासून तीन महिने आहे. पूर्वी ती सहा महिने होती, 1 एप्रिल 2012 पासून तीन झाली. जुन्या हिशोबाने चेक ट्रंकेत ठेवू नये.

खाते नसलेल्याने 50,000 रुपये किंवा त्याहून मोठा व्यवहार केला तर बँकेने ओळखपत्र घ्यायचेच असा नियम आहे. रक्कम त्याहून कमी असली तरी बँक ओळख विचारू शकते. त्यात अपमान मानू नये.

क्रॉस चेकवर रोख नाकारली म्हणजे चेक "बाउन्स" झाला असे नव्हे. चेक चांगलाच असतो, फक्त वाट खात्याची असते.

सभासदांनी काय करावे?

1. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे, विशेषतः कारभारणीचे, स्वतःच्या नावाचे खाते असावे. किमान शिलकेची अट नसलेले साधे बचत खाते बँकेत निघते. 2014 पासूनची जनधन खाती त्याच प्रकारची आहेत.

2. खात्यावरचे नाव आणि कारखान्याच्या दप्तरातले नाव एक असावे. एका ठिकाणी "बाई" आणि दुसरीकडे नुसते नाव, एवढ्यानेही काम अडते.

3. खाते नसलेल्या मजुराला चेक द्यायचा तर क्रॉस करू नये. ऑर्डरचा द्यावा आणि कोणत्या शाखेत न्यायचा ते सांगावे. आपले खाते ज्या शाखेत आहे तीच सांगावी.

4. आपल्याला मिळालेला बेअरर चेक खात्यावरच भरायचा असेल, तर हातात येताच दोन रेघा आपणच ओढाव्यात. 125 व्या कलमाने तो अधिकार चेक बाळगणाराला दिला आहे. मग हरवला तरी खिडकीवर त्याची रोख कुणाला मिळत नाही.

5. शेकडा कापून चेक वटवून देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

मावशींना घेऊन मी दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो. आधार कार्ड आणि दोन फोटोंवर खाते निघाले, चेक भरला आणि मुदतीच्या आत पूर्ण रक्कम जमा झाली. शेकडा दहा वाचले. त्यात खोडव्याच्या खताची सोय झाली. पुढे पासबुक दाखवायला त्या ऑफिसात आल्या, तेव्हा म्हणाल्या, "साहेब, हे आधी सांगायचं न्हाई का?"

तेच आता सर्वांना सांगतो आहे. आता उसाचे बिल खात्यावर जमा होते, पण ठेव, वारसाची रक्कम किंवा इतर देणी यांचे चेक अजून निघतात. कुणाच्या घरात चेक पडून असेल तर आजच तारीख पाहा. अडचण असेल तर चेक आणि ओळखपत्र घेऊन गट ऑफिसात या.

आपला,
ऊस विकास अधिकारी