घाटेअळीच्या पोटातली लढाई

खारघरच्या टॉवरांना खेटून असलेलं ओवे गाव मागे टाकून पनवेल तालुक्यात आत शिरलं, की भातकापणीनंतर उरलेल्या ओलाव्यावर पेरलेला वाल दिसू लागतो. मडक्यात शेंगा शिजवायच्या, पोपटीच्या दिवसांत एखादी शेंग जवळून पाहा. गोल भोक, त्यात डोकं खुपसलेली हिरवट अळी, अर्धं धड बाहेर. ही घाटेअळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो, हिला काहीच वर्ज्य नाही.

वालाचा कच्चा दाणा पचायला सोपा नसतो. प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारी प्रथिनं त्यात असतात. आपण वाल भिजवून, मोड आणून शिजवतो, तेव्हा उष्णतेनं ती बरीचशी निकामी होतात. अळीकडे चूल नाही, तरी ती धष्टपुष्ट होते!

ते कसं, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं उलगडलं. अशोक गिरी, विद्या गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं, की घाटेअळीच्या आतड्यातली विकरंच हरभऱ्याची रोधक प्रथिनं तोडून टाकतात. ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिनच्या घराण्यातली अनेक विकरं तिच्याकडे असतात. एकाची वाट अडली, की ती दुसऱ्यावर भर देते. म्हणूनच एकाच रोधकावर विसंबून तिला आवरता येत नाही, असं या प्रयोगशाळेच्या 1999 च्या कामातूनही दिसलं.

पुढे मातीत कोषात जाऊन तिचा पतंग होतो, तेव्हा पोटाचा कारभारच पालटतो. जबड्यांच्या जागी सोंड येते. आता खाणं मकरंदाचं, त्यामुळे साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारं विकर महत्त्वाचं ठरतं, प्रथिनं फोडणाऱ्यांची फारशी गरज उरत नाही. पतंग स्वतः पीक कुरतडत नाही. अंडी मात्र पिकावरच घालतो.

अळीचं हेच जबरदस्त पोट तिच्यावर उलटवता येतं. तिच्या आतड्यातला रस कमालीचा अल्कधर्मी असतो. बीटी जिवाणूचं स्फटिकरूप प्रथिन त्यात विरघळतं आणि अळीचीच विकरं ते छाटून विषारी करतात. तिला मारणाऱ्या एचएएनपीव्ही या विषाणूचं प्रथिनाचं कवचही तिथेच विरघळतं. अट एवढीच, की फवारलेली ही दोन्ही अळीच्या पोटात गेली पाहिजेत. दाण्यात तोंड घातलेली मोठी अळी वरचा फवारा फारसा खात नाही. तेव्हा वाल फुलावर आला, की कळ्या तपासा आणि अळ्या बारीक असतानाच, ऊन उतरल्यावर फवारणी उरका.