काम झालं की शरीरातच विरघळणारा पेसमेकर: धडगावच्या पेशंटला याचा काय फायदा?

हाड मोडलं की रॉड टाकतात आणि वर्ष-दीड वर्षाने तो काढायला कधीकधी परत ऑपरेशन. आपल्या घरात किंवा शेजारी कुणाचं तरी असं झालेलं असतंच. पुण्या-मुंबईत दुसरं ऑपरेशन म्हणजे चार दिवसांची रजा. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांत हिशोब वेगळा असतो.

सातपुड्यातल्या काही पाड्यांवर आजही गाडी पोचत नाही. पेशंटला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नर्मदाकाठच्या गावांना बोट ॲम्ब्युलन्सचा आधार. तिथून पुढे नंदुरबार आणि मोठं ऑपरेशन असेल तर नाशिक, सुरत, मुंबई. पेशंटची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही.

म्हणजे शरीरात बसवलेलं यंत्र काम झाल्यावर आपोआप विरघळून गेलं, तर सगळ्यात जास्त फायदा अशाच माणसाचा आहे. असं यंत्र बनवणं शक्य आहे का?

टाके विरघळतात, मग वायर का नाही?

विरघळणारे टाके आता सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं पॉलिमर शरीरातल्या पाण्याने हळूहळू तुटतं. पण त्यातून वीज वाहत नाही आणि पेसमेकर किंवा सेन्सरला तर वीज लागतेच.

वीज वाहणारी नेहमीची सामग्री म्हणजे तांबं आणि सोनं. सोनं शरीरात वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. तांबं जास्त झालं तर अपाय करतं.

म्हणून शास्त्रज्ञ शरीराच्या ओळखीच्या धातूंकडे वळले: मॅग्नेशियम, झिंक, लोह, मॉलिब्डेनम. हे सगळे थोड्या प्रमाणात आपण रोजच्या जेवणातून खातोच. बाजरी आणि शेंगदाण्यात मॅग्नेशियम भरपूर असतं. मॅग्नेशियमचा पाण्याशी संयोग झाला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं. पोट साफ होण्यासाठी घेतात ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया म्हणजे हेच.

चिपमधलं सिलिकॉनही विरघळतं, फक्त त्याचा थर केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट पातळ असावा लागतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी असं पातळ सिलिकॉन, मॅग्नेशियम आणि रेशीम वापरून विरघळणारं सर्किट तयार करून दाखवलं.

तांदळाच्या दाण्याहून छोटा पेसमेकर

हृदयाच्या ऑपरेशननंतर काही पेशंटना थोडे दिवसच पेसमेकर लागतो. तेव्हा हृदयाला वायरी जोडून त्या छातीबाहेर काढतात आणि गरज संपली की ओढून घेतात. बहुतेक वेळा काही होत नाही, पण धोका असतोच. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांना २०१२ मध्ये बायपासनंतर अशाच वायरी काढताना आतून रक्तस्राव झाला आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला.

२०२१ मध्ये रॉजर्स यांच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या टीमने वायर नसलेला, विरघळणारा पेसमेकर जाहीर केला. वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. आपण मोबाइल टेकवून पैसे देतो, तशाच तंत्राने त्याला बाहेरून वीज मिळते.

एप्रिल २०२५ मध्ये त्याहून छोटा आला: १.८ मिमी रुंद, ३.५ मिमी लांब, १ मिमी जाड. इंजेक्शनच्या सुईतून आत सोडता येईल इतका. शाळेत लिंबात दोन वेगवेगळे धातू खुपसून बॅटरी केली होती, आठवतं? इथे लिंबाच्या जागी शरीरातला द्रव आहे. छातीवरचा पॅच ठोके तपासतो. ते बिघडले की तो प्रकाशाचा झोत सोडतो आणि आतला पेसमेकर चालू होतो.

लहान मुलांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. सुमारे १ टक्के बाळं हृदयाचा दोष घेऊन जन्मतात. त्यातल्या अनेकांना ऑपरेशननंतर जेमतेम आठवडाभरच पेसमेकरची गरज असते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण वेळेची. आठ दिवस लागणारं यंत्र चौथ्या दिवशी विरघळलं तर जीवावर बेतेल. वरचं आवरण किती जाड ठेवायचं, यावर सगळा खेळ आहे.

दुसरी अडचण नावाची. वीज वाहणारं प्लास्टिकही असतं, त्याच्या शोधाला २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते जिलेटिनमध्ये मिसळलं तर जिलेटिन विरघळतं, पण वीज वाहणारे कण मागे राहू शकतात. त्यामुळे ‘जैवविघटनशील’ वाचलं की काय विरघळलं आणि काय उरलं, हे विचारायलाच हवं.

तिसरी, आधीचा अनुभव. ॲबॉट कंपनीचा विरघळणारा स्टेंट रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण जास्त दिसल्यावर २०१७ मध्ये विक्रीतून गेला. नवा पेसमेकर प्राण्यांवर आणि दान केलेल्या मानवी हृदयांवर तपासला आहे. तो अजून दवाखान्यात मिळत नाही.

महाराष्ट्र कुठे आहे?

अशा यंत्रांच्या पायासाठी पीएलएसारखी पॉलिमर वापरतात. पीएलए बनतं लॅक्टिक ॲसिडपासून. हे आपल्या दह्यातलंच ॲसिड, जे साखर आंबवूनही मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजचा असं बायोपॉलिमर बनवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. शहाद्याच्या पट्ट्यात तर ऊस आहेच. अर्थात पॅकिंगसाठीचं पीएलए आणि शरीरात घालायचं पीएलए यांच्या शुद्धतेत मोठा फरक असतो.

तोवर काय करायचं?

हे तंत्र आलं तरी पहिल्या ऑपरेशनसाठी दवाखान्यापर्यंत रस्ता लागणारच. वाचेल ती यंत्र काढण्यासाठीची शस्त्रक्रिया आणि तिचा धोका.

आज हातात आहेत त्या दोन गोष्टी. बाळाचे ओठ निळे पडत असतील, दूध पिताना धाप लागत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांत मुलांची मोफत तपासणी होते, पुढच्या उपचारांसाठीही पाठवलं जातं. आणि घरात कुणाच्या शरीरात काही बसवणार असतील तर ऑपरेशनच्या आधीच विचारा: हे नंतर काढावं लागेल का? कधी? कुठे? खर्च कोण करणार?