कॅसेट आली, कारागिरी राहून गेली

मारिओ कोणत्या कंपनीचा, हे 1990 च्या दशकातल्या यवतमाळच्या पोट्ट्यांना ठाऊक नव्हतं. ते कळायची सोयच नव्हती. खोक्यावर एका कंपनीचं नाव, कॅसेटच्या कागदावर दुसराच कुठला तरी हिरो, आणि पडद्यावर खेळाच्या नावाखाली जिथे निन्टेन्डोचं नाव असायला हवं तिथे बहुतेक वेळा काळी पट्टी. नक्कल करणाऱ्याने ते आधीच पुसून ठेवलेलं असे. आज जगभरचे शौकीन जिला ‘रिप्रो’, म्हणजे नक्कल, म्हणून नाक मुरडतात, तीच आपल्याकडे चालणारी एकमेव कॅसेट होती.

या सगळ्याचं मूळ यंत्र जपानचं. 15 जुलै 1983 रोजी निन्टेन्डोने ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे फॅमिकॉम, बाजारात आणला. मासायुकी उएमुरा हे त्याचे अभियंते. आत रिको कंपनीची आठ बिटांची चिप होती, 6502 या गाजलेल्या प्रोसेसरच्या घराण्यातली. अ‍ॅपल-टू संगणकातही तोच प्रोसेसर होता. कामाची मेमरी अवघी दोन किलोबाइट. साधं आणि स्वस्त असल्यामुळेच हे यंत्र नकलेला सोपं गेलं. तैवानच्या कंपन्यांनी त्याच्या चिप्सच्या हुबेहूब आवृत्त्या काढल्या आणि रशियात ‘डेंडी’, चीनमध्ये ‘सुबोर’ अशा नावांनी ही भावंडं घरोघर गेली.

भारतात ती आली ‘समुराई’ आणि ‘लिटल मास्टर’ होऊन, पुढे ‘मिताशी’ही आला. 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीने निन्टेन्डोच्या प्रतिस्पर्धी सेगाची यंत्रं रीतसर आणली, पण ती शहरातल्या, त्यातही पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यापुरती राहिली. जिल्ह्याच्या गावांत पोचली ती नक्कलच. माल दिल्लीच्या पालिका बाजारातून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नागपूरला आणि तिथून पुढे यायचा. खरेदीचा मुहूर्त कापूस ठरवायचा. चुकारा हाती आला की आधी उधारी, मग कपडे, मग उरलंच तर ‘व्हिडिओ गेम’. ज्याच्या घरी तो आला त्याच्या अंगणात चपलांचा ढीग दिसू लागे, आणि आत एकच भांडण: “दे नं बे रिमोट, आता माही बारी हाय!”

कंट्रोलरला रिमोट म्हणायचं, टीव्हीचं बटण फिरवून चॅनल लावायचं, कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. फुंकरीने खरं तर काही होत नसे. काढून परत बसवताना पिना नीट टेकत, श्रेय मात्र फुंकरीला जाई. उलट तोंडातल्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या हळूहळू खराबच होत.

कॅसेटवर छापलेलं असे ‘9999999 इन 1’. आतले वेगळे खेळ मात्र मोजकेच. कारागिराची करामत यादीच्या छोट्या प्रोग्राममध्ये होती. तुम्ही ओळ निवडली की तो चिपमधला योग्य भाग पुढे करायचा आणि सोबत एक आकडा द्यायचा: चौथ्या टप्प्यापासून सुरू कर, तीस जान दे, हातात आधीच मोठी बंदूक दे. एकच ‘कॉन्ट्रा’ यादीत पुन्हा पुन्हा यायचा तो असा. कोनामीच्या मूळ खेळात तीस जान मिळवायला वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं असा सुरू होणारा गुप्त क्रम दाबावा लागे. आपल्याकडे त्या जान थेट यादीतच मिळत. माहितीपुस्तिका नसायची, त्यामुळे नियम थोरल्या पोरांकडून धाकट्यांकडे तोंडी जायचे, वाटेत त्यांना पाय फुटायचे.

याच कॅसेटमध्ये एक दार उघडं होतं, आणि त्याकडे आज मागे वळून पाहावंसं वाटतं. ‘बॅटल सिटी’ हा 1985 चा नामकोचा रणगाड्यांचा खेळ. त्याच्या पहिल्या पडद्यावर तिसरा पर्याय असे, ‘कन्स्ट्रक्शन’. तिथे विटा, लोखंड, पाणी, झाडी हवी तशी मांडून आपलं मैदान आपणच बनवता येई. जो वाचवायचा त्या गरुडाभोवती लोखंडी भिंत उभारणारे पोट्टे नकळत खेळरचनेचा पहिला धडा गिरवत होते. शत्रूला वाटच ठेवली नाही तर खेळात मजा उरत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते मांडून पाहिलं आणि कळलं. अडचण एवढीच की मैदान साठवायची सोय नव्हती. यंत्र बंद झालं की ते गेलं. त्यातच 2005 नंतरच्या काही वर्षांत विदर्भात भारनियमनाने कहर केला. वणीच्या खाणींचा कोळसा वीजकेंद्रांकडे जात होता आणि वणी-पांढरकवड्याकडची गावं तासन्‌तास अंधारात होती. कितीएक मैदानं अशी विजेसोबत गुल झाली.

त्याच सुमारास बाजारात कीबोर्ड लावलेली, ‘लर्निंग कॉम्प्युटर’ म्हणवणारी यंत्रं दिसू लागली. आत तोच फॅमिकॉम, सोबत टायपिंगचे खेळ आणि बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा. बेसिकच्या त्या निळ्या-काळ्या पडद्यावर काय लिहायचं, हे सांगणारं मात्र घरात, शाळेत, दुकानात कुणी नव्हतं. 2008 मध्ये ‘बारा डॉलरचा संगणक’ म्हणून ही यंत्रं जगाच्या बातम्यांत आली. डेरेक लोमस या अमेरिकन अभ्यासकाने भारतात ती पाहिली आणि सहकाऱ्यांसोबत ‘प्लेपॉवर’ प्रकल्प सुरू केला. गरीब घरांत जे यंत्र आधीच पोचलंय, त्याच्यासाठी शिकवणारे खेळ लिहायचे, असा हा साधा विचार. पण तोवर मोबाइल खिशात येऊ लागला होता, आणि टीव्हीसमोरची चटई गुंडाळली गेली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बाहेर मात्र ती नव्याने सुरू झाली. नावाजलेल्या जुन्या कॅसेटी महाग झाल्या, तशा त्यांच्या नव्या नकला चीनमधून निघू लागल्या. दुसरीकडे हौशी मंडळींनी जुन्या यंत्रासाठी स्वतःचे नवे खेळ लिहायला घेतले. जर्मनीतल्या मॉर्फकॅट गेम्सने 2019 मध्ये ‘मायक्रो मेजेस’ काढला. चार जणांना एकत्र खेळता येणारा हा अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवलाय, म्हणजे 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’एवढ्याच जागेत. यंत्राचे पेटंट कधीच संपलेत, त्यामुळे नवा खेळ लिहून कॅसेटवर विकायला कुणाची परवानगी लागत नाही. मारिओ-कॉन्ट्रावरचे हक्क मात्र शाबूत आहेत, म्हणून त्यांची नक्कल आजही चोरीच. जत्रेत आणि ऑनलाइन मिळणारं ‘400 इन 1’चं हातातलं खेळणं त्याच चोरीचा नवा अवतार आहे.

तीस वर्षांचा हिशेब मांडला तर दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात. नक्कल झाली नसती तर घाटंजी-मारेगावच्या पोराला हे यंत्र दिसलंच नसतं. तिचे उपकार मोठे आहेत. पण नकलेने फक्त खेळणं पोचवलं. खेळ बनवणाऱ्याचं नाव पुसलं गेलं, तसा ‘हे कुणीतरी बनवतं’ हा विचारही पुसला गेला. म्हणून एवढी यंत्रं, एवढे हात असूनही या यंत्रावर चालणारा एकही मराठी खेळ आपल्या आठवणीत नाही.

तो अशक्य मात्र नाही. या यंत्राचा पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांचा बनतो. मागच्या चित्रासाठी एका वेळी 256 तुकडे मिळतात. देवनागरी अक्षर एका तुकड्यात गुदमरतं, चार तुकड्यांत ऐसपैस बसतं. म्हणजे एका वेळी चौसष्ट अक्षरं, एका ओळीत सोळा. वेलांट्या-मात्रांचे तुकडे वेगळे ठेवून अक्षरांमध्ये वाटून घेतले तर आणखी जागा निघते, आणि शिरोरेषा एकाच उंचीवर ठेवली की ती आपसूक जोडली जाते. या यंत्रासाठी प्रोग्राम लिहायची सीसी-65 सारखी साधनं फुकट आहेत, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतात. यवतमाळ-पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एका सत्राच्या प्रकल्पाला हे काम पुरेसं आहे, आणि पहिल्या पडद्यावर करणाऱ्याचं नाव ठसठशीत लिहायलाही जागा आहे.